वाइन आणि व्हिस्की चाखावी कशी, आणि चाखलेलं लिहावं कसं

वाइनच्या बाटलीमागच्या लेबलवर बरेचदा ‘ब्लॅककरंट, व्हायोलेट आणि सीडारचा दरवळ’ असं काहीतरी छापलेलं असतं. आपल्यातल्या बहुतेकांनी ब्लॅककरंट खाल्लेलं नसतं आणि व्हायोलेटचं फूल हुंगलेलं नसतं. मग माणूस ग्लास नाकाशी धरून गप्प बसतो, किंवा ‘स्मूद आहे’ म्हणून मोकळा होतो. ‘स्मूद’ या लेखापुरतं बाजूला ठेवू या. त्याने समोरच्याला इतकंच कळतं की तुमचा घसा जळला नाही.

वर्णन चांगलं की वाईट, याची माझ्या मते एकच कसोटी आहे: तुमचं टिपण वाचून दुसऱ्या माणसाला तीन ग्लासांतून नेमका तोच ग्लास उचलता आला पाहिजे. शब्द भारी असण्याची गरज नाही, पण त्यांनी हा ग्लास शेजारच्या ग्लासापासून वेगळा काढला पाहिजे. म्हणूनच पुढच्या सगळ्या पायऱ्यांना एक अट आहे. एकटा ग्लास कधीच चाखायचा नाही, कायम दोन शेजारी शेजारी.

बसण्याआधी

कायद्याचं आधी. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो आणि व्हिस्कीसारख्या कडक दारूसाठी वयाची २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. एक दिवसाचा परवाना दुकानात सहज मिळतो, तो घ्या. गाडी चालवायची असेल तर हा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी करा. घोट थुंकून टाकले तरी थोडी दारू पोटात जातेच.

वेळ जेवणाआधीची चांगली. त्या खोलीत उदबत्ती नको, अंगावर अत्तर किंवा डिओ नको, आणि स्वयंपाकघरात फोडणी तर अजिबात नको. चखणाही नको! शेव-चकलीतल्या तिखटामिठाने जीभ अर्धी बधिर होते, मग वाइन सपक किंवा कडवट लागते. साधा पाव आणि पाणी पुरे. थुंकायला एक मग ठेवा. पाहुण्यांना पहिल्यांदा विचित्र वाटतं, पण जगभरचे व्यावसायिक चाखणारे हेच करतात. तिसऱ्या-चौथ्या ग्लासालाही नाक शाबूत ठेवायचा दुसरा मार्ग नाही.

ग्लास वर निमुळता होणारा हवा, म्हणजे वास आत साठतो. १९७७ च्या आयएसओ ३५९१ या मानकातला चाखण्याचा ग्लास जेमतेम २१५ मिलीचा आहे आणि त्यात ओतायची फक्त ५० मिली. उरलेली जागा वासासाठी. व्हिस्कीसाठी २००१ मध्ये स्कॉटलंडमध्ये आलेला ग्लेनकेर्न ग्लास उत्तम, पण लहान वाइन ग्लासनेही काम भागतं. रुंद तोंडाचा, जाड बुडाचा नेहमीचा व्हिस्की ग्लास बर्फासाठी ठीक आहे, हुंगण्यासाठी नाही. दोन्ही ग्लास मात्र सारखे हवेत, नाहीतर तुम्ही वाइनमधला फरक न टिपता ग्लासांमधला टिपाल.

आता तापमान. घरच्या टेस्टिंगचा सर्वांत जास्त घात यानेच होतो. ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्या खोलीचं तापमान तिशी पार असतं. त्या उष्णतेत अल्कोहोल भराभर उडतं, नाकाला झोंबतं आणि वाइन सैल, मुरंब्यासारखी लागते. रेड १६ ते १८ अंशांना हवी, म्हणून ती अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइटची चूक उलटी होते. फ्रिजमधून काढून थेट ओतली तर वासच येत नाही. ती दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून ८ ते १० अंशांच्या आसपास आली की ओता.

कोणत्या जोड्या घ्यायच्या

पहिल्या बैठकीला नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ आणि नाशिकचीच शेनिन ब्लाँ. सुला कंपनीने २००० साली बाजारात पहिल्यांदा आणल्या त्या याच दोन द्राक्षजातींच्या वाइन, आणि शिकायला ही जोडी फार सोयीची आहे. दोन्ही व्हाइट आणि एकाच हवामानातल्या, पण वासाला अगदी वेगळ्या. नाशिककडे पाऊस सरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी होते आणि द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये काढली जातात. म्हणजे फळ थंडीत पिकतं, आणि रात्रीच्या गारव्यामुळे त्यातला आंबटपणा टिकायला मदत होते. तो जिभेवर शोधायचा आहे.

दुसऱ्या बैठकीला रेड: एक नाशिकची शिराझ आणि एक कॅबरने सोव्हिन्यों. किंवा अकलूजच्या फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ घ्या. ती सांजोवेसे (इटलीची लाल द्राक्षजात) आणि कॅबरनेचं मिश्रण आहे, त्यामुळे शुद्ध शिराझसमोर तिचा तुरटपणा उठून दिसतो.

व्हिस्कीसाठी मला सर्वांत आवडणारी जोडी गोव्याची. कुंकळ्ळीच्या पॉल जॉन डिस्टिलरीची ‘ब्रिलियन्स’ आणि ‘एडिटेड’. दोन्ही सिंगल मॉल्ट (एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेल्या), दोन्हींत अल्कोहोल ४६ टक्के, एकाच ठिकाणी मुरलेल्या. मोठा फरक एकच: एडिटेडमध्ये थोडा पीटचा धूर आहे (पीट म्हणजे दलदलीतली, जळणासारखी वापरली जाणारी माती; तिच्या धुरावर बार्ली वाळवतात). इतकी स्वच्छ तुलना महागड्या स्कॉचमध्येही सहज मिळत नाही.

क्रम हलक्याकडून जडाकडे. व्हाइटनंतर रेड, कोरडीनंतर (म्हणजे साखर न उरलेलीनंतर) गोड, बिनधुराच्या व्हिस्कीनंतर धुराची. वाइन आणि व्हिस्की एकाच दिवशी चाखायची असेल तर वाइन आधी. मी मात्र दोन वेगळ्या संध्याकाळी ठेवीन.

डोळ्यांचं काम लवकर उरका

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा. व्हाइट वाइन वयाबरोबर गडद होत जाते. रेड उलट फिकी होते आणि कडेला विटकरी छटा येते. झालं. ग्लासच्या आतून ओघळणाऱ्या धारांकडे पाहून ‘बॉडी बघ काय आहे’ म्हणणारा एकजण प्रत्येक पार्टीत असतो. अल्कोहोल पाण्यापेक्षा लवकर उडतं आणि पृष्ठताणात फरक पडतो, म्हणून त्या धारा होतात. त्यातून फार तर अल्कोहोलचा आणि साखरेचा अंदाज येतो, दर्जाचा नाही. व्हिस्कीच्या रंगावर तर मुळीच विसंबू नका. स्कॉचमध्ये रंगासाठी साधं कॅरमेल घालायला कायद्याने परवानगी आहे.

रंग नाकालाही फसवतो. बोर्दोमध्ये वाइनचं शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना संशोधकांनी एक व्हाइट वाइन दिली आणि नंतर तीच वाइन, बिनवासाच्या रंगाने लाल करून. लाल झालेल्या व्हाइटचं वर्णन त्यांनी रेड वाइनच्या शब्दांत केलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग लक्षात ठेवा आणि हुंगताना सरळ डोळे मिटा.

नाक: इथे वेळ काढा

आधी ग्लास न हलवता एक छोटा हुंगा. मग ग्लास टेबलावर ठेवूनच गोल फिरवा आणि पुन्हा हुंगा. दुसऱ्या वेळी काय वाढलं, तेच टिपायचं. लांब श्वास नको, दोन-तीन छोटे पुरतात. नाक लवकर थकतं. वास येईनासा झाला की स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूची कातडी हुंगा आणि परत या.

व्हिस्कीला हेच केलं तर नाकाला झटका बसतो. तिथे ग्लास हनुवटीपाशी धरून सुरुवात करा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि हळूहळू वर आणा. जोरात फिरवू नका, त्याने आधी अल्कोहोलच उसळतं.

आता खरी अडचण: वास येतो, पण नाव सुचत नाही. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अ‍ॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात वाइनच्या वासांचं एक चक्र तयार केलं. मध्ये ढोबळ गट, बाहेरच्या वर्तुळात नेमकी नावं. चक्र छापून भिंतीवर लावायची गरज नाही, पद्धत उचलायची. नाव आठवायच्या मागे न लागता प्रश्न विचारत जायचे. फळ आहे का? असेल तर ताजं, शिजवलेलं की सुकवलेलं? ताजं असेल तर लिंबूवर्गीय, पेरू-सफरचंदासारखं की जांभूळ-करवंदासारखं? हिरवा, चिरलेल्या भाजीचा वास आहे का? फूल? मसाला? लाकूड? धूर? ओली माती? पहिल्या पायरीवर अडकलात तर तिथेच थांबून ‘पिकलेलं पिवळं फळ’ एवढंच लिहा. ते प्रामाणिक आहे आणि उपयोगीही.

या वासांची शिदोरी बहुतेक आपल्या स्वयंपाकघरात आहे, आणि हे कवितेपुरतं म्हणत नाही. शिराझमध्ये मिरीचा वास येतो, कारण मिऱ्यातला रोटुंडोन हा पदार्थच शिराझच्या द्राक्षात असतो. लिनालूल धण्यात असतं आणि मस्कट द्राक्षाच्या वाइनमध्येही. जुन्या शेरीत (स्पेनची कडक वाइन) आणि सोतेर्नसारख्या गोड वाइनमध्ये सोटोलोन असतं. मेथीदाण्याला तो विशिष्ट वास देणारा पदार्थ हाच. ओकच्या पिंपातून लवंगेतलं युजेनॉल, व्हॅनिलातलं व्हॅनिलीन आणि खोबऱ्याचा वास देणारे लॅक्टोन येतात. ताज्या सोव्हिन्यों ब्लाँमधला ढोबळी मिरचीचा वास पायराझिन गटातल्या पदार्थांमुळे. द्राक्ष जास्त पिकलं, ऊन जास्त लागलं की तो कमी होतो.

म्हणून नाकाची तालीम घरीच करता येते. कुठलीही साधी, फारसा वास नसलेली व्हाइट वाइन घ्या आणि छोट्या वाट्यांत तीस-तीस मिली ओता. एकीत ढोबळी मिरचीचा तुकडा, दुसरीत पेरूची फोड, तिसरीत दोन ठेचलेले मिरे, चौथीत मेथीदाणे, पाचवीत लवंग, सहावीत सुक्या खोबऱ्याचा काप. बशीने झाकून अर्धा तास ठेवा. मग लवंग आणि मिरे काढून टाका, नाहीतर त्या वाट्या बाकीच्यांना दाबून टाकतील. डोळे मिटून कुणाला तरी वाट्या पुढे करायला सांगा. रोज वापरातल्या जिनसा ओळखताना किती चाचपडायला होतं, ते पाहून मजा वाटेल.

एक गोष्ट वादावादीआधी माहीत असावी. सुमारे पाचातल्या एका माणसाला रोटुंडोनचा वास येतच नाही. तुम्हाला शिराझमध्ये मिरी सापडली आणि बायकोला किंवा मित्राला नाही, तर दोघंही खरं बोलत असू शकता. अशा वेळी मतदान घेऊ नका, दोन्ही टिपणं ठेवा.

तोंड: आधी रचना, मग चव

पहिला छोटा घोट तोंड ओलं करायला. त्यावरून मत बनवायचं नाही, व्हिस्कीबाबत तर नाहीच. दुसरा घोट पाच-दहा सेकंद तोंडात फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा आणि थुंका. फळ, फूल, मसाला या ‘चवी’ बहुतेक घशामागून नाकात जाणारे वासच असतात. तोंडाने मोजायच्या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या एका वेळी एकच पाहायची.

साखर: नाक चिमटीत धरून घोट घ्या. गोडवा राहिला तर साखर आहे, नाहीसा झाला तर तो फळाचा वास होता. कितीतरी कोरड्या वाइन केवळ वासामुळे गोड समजल्या जातात.

आंबटपणा: थुंकल्यावर मान खाली घाला आणि गालांच्या आत किती लाळ सुटते ते पाहा. जितकी जास्त आणि जितका वेळ, तितका आंबटपणा मोठा.

तुरटपणा: रेडमध्ये. जीभ वरच्या हिरड्यांवरून फिरवा. कोरडं, खरखरीत लागलं तर टॅनिन आहे. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून तोंड सुकतं. कडूपणाशी याची गल्लत होते. कडू जिभेला लागतं, तुरट सगळ्या तोंडाला जाणवतं. कच्चा आवळा चावून पाहा, फरक कायमचा लक्षात राहील.

अल्कोहोल घशात आणि छातीत ऊब म्हणून कळतं. अंग, म्हणजेच ‘बॉडी’, हे तोंडातलं वजन: पाणी आणि सायीचं दूध यांत जो फरक आहे तोच.

हे वेगळं काढता येत नसेल तर तीन ग्लास पाणी घ्या. एकात लिंबू पिळा, एकात साखर विरघळवा, तिसऱ्याऐवजी दहा मिनिटं उकळलेला बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. मग लिंबाच्या पाण्यात साखर वाढवत जा. आंबट तितकंच राहतं, पण कमी लागतं. वाइनमध्ये ‘समतोल’ म्हणतात तो हाच हिशेब.

शेवटी लांबी. थुंकल्यानंतर चव किती सेकंद टिकते ते मनात मोजा. पाच सेकंदांत विरली तर आखूड, पंधरा-वीस टिकली तर लांब. मात्र शेवटी नुसता कडूपणा किंवा जळजळ रेंगाळत असेल तर तिला लांबी म्हणायचं नाही.

व्हिस्कीला पाणी कधी

मॉल्ट व्हिस्कीचे वास कुठून आले असा विचार केला की गोंधळ कमी होतो. धान्यातून येतात बिस्किटाचे, भाजलेल्या बार्लीचे. आंबवण्यातून फळांचे, विशेषतः पिकलेल्या केळ्याचे. पिंपातून व्हॅनिला, खोबरं, लवंग, आणि आधी शेरी भरलेलं पिंप असेल तर मनुका, अंजीर. पीटमधून धूर, आयोडीन, दवाखान्याचा वास. लॅफ्रॉइग किंवा आर्डबेग या धुरकट स्कॉच पहिल्यांदा हुंगणाऱ्याला बँडेजपट्टी आठवते, ती यामुळेच. आर्डबेगचे ५५ पीपीएम (दहा लाखांत ५५ भाग) असे आकडे सांगतात, पण ते फिनॉलचं, म्हणजे धुराच्या वासाच्या पदार्थांचं, प्रमाण धूर दिलेल्या बार्लीतलं असतं. बाटलीत पोचेपर्यंत ते बरंच उतरतं.

आपल्याकडच्या मॉल्टमध्ये पिंपाचा वास लवकर चढतो. अमृतचं सिंगल मॉल्ट २००४ मध्ये ग्लासगोत बाजारात आलं. त्यांच्या बेंगळुरूच्या गोदामात दरसाल १० ते १२ टक्के व्हिस्की पिंपातून उडून जाते. स्कॉटलंडमध्ये हे प्रमाण दोनेक टक्के. उष्णतेत लाकडाशी देवाणघेवाण वेगाने होते. त्यामुळे लेबलवर १२ किंवा १८ वर्षं नाहीत म्हणून भारतीय मॉल्टला कमी लेखायचं कारण नाही, फक्त लाकडाने धान्य झाकून टाकलं आहे का, हे हुंगताना जरूर पाहा. बाकी आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त ‘व्हिस्की’ मळीच्या स्पिरिटवर बेतलेल्या असतात. त्यांत धान्याचा वास सापडला नाही तर नाकाला दोष देऊ नका.

आधी नीट चाखा, मग पाणी थेंबाथेंबाने. चमच्याने घाला आणि प्रत्येक वेळी पुन्हा हुंगा. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपातून दाखवलं, की व्हिस्की पातळ केल्यावर ग्वायकॉल हा धुरकट वासाचा रेणू द्रवाच्या वरच्या थराकडे सरकतो, म्हणजे नाकाच्या जवळ येतो. तुमच्या ग्लासात हे कळतं का ते एडिटेडवर करून पाहा. फिल्टरचं पाणी वापरा, नळाचं क्लोरीन लगेच उघडं पडतं. बर्फ आणि सोडा टेस्टिंगच्या वेळी नकोत, नंतर खुशाल.

प्रमाणाचा हिशेबही असू द्या. भारतात नेहमी दिसणाऱ्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ३० मिलीचा पेग आणि १३ टक्क्यांची १०० मिली वाइन, दोन्हींत अल्कोहोल जवळजवळ सारखंच, सुमारे १३ मिली. चाखायला व्हिस्की १५ मिली पुरते.

बिघडलेली बाटली

ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आला आणि फळ गायब असेल तर तो बुचातून आलेला टीसीए नावाचा रासायनिक पदार्थ. तो अतिसूक्ष्म प्रमाणातही वाइन मारतो. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत याची भीती जवळजवळ नाही, म्हणून त्या झाकणाला नाक मुरडू नका. आपल्याकडे जास्त भेटते ती उन्हाने शिजलेली वाइन: दुकानाच्या काचेत उभी असलेली, बूच किंचित वर आलेलं, वास शिजवलेल्या फळाचा. बाटली उघडताच काडेपेटीच्या काडीचा किंवा अंड्यासारखा वास आला तर मात्र घाई करू नका, ग्लासात फिरवून दहा मिनिटं ठेवल्यावर तो बरेचदा जातो.

टिपण आणि परीक्षा

आधी रचना, मग वास ढोबळाकडून नेमक्याकडे, मग लांबी, शेवटी आवडली की नाही. एखाद्या ठराविक सोव्हिन्यों ब्लाँचं टिपण असं होईल: ‘फिकट, हिरवट झाक. वास जोरात: कच्चट पेरू, चिरलेली ढोबळी मिरची, लिंबाची साल. साखर नाही. आंबटपणा भरपूर, लाळ बराच वेळ सुटते. अंग हलकं. चव सातेक सेकंद, शेवट किंचित कडसर.’ शेजारच्या शेनिनबद्दल यातलं किती खरं आहे ते तपासा. जे दोन्हींना लागू पडतं ते खोडून टाका. गुण देऊ नका. शंभरपैकी ८७ या आकड्याने ग्लास ओळखता येत नाही.

मग परीक्षा. मित्राने टिपण वाचायचं आणि तीन ग्लासांतून ओळखायचं: एक तुमचा, दोन दुसऱ्या वाइनचे. ग्लासांखाली चिठ्ठ्या चिकटवा, ओतणाऱ्याने खोलीबाहेर जावं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येतंच, त्यामुळे एका यशावर खूश होऊ नका. ग्लासांची जागा बदलत तीनदा करा. तिन्ही वेळा नशिबाने बरोबर येण्याची शक्यता सत्तावीसात एक. मित्र चुकला तर कुठल्या शब्दाने चुकला ते विचारा आणि तो शब्द टिपणात बदला.

उरलेल्या वाइनला झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, रेडसुद्धा. दोन-तीन दिवस पिण्यालायक राहते. त्यातली अर्धा ग्लास मुद्दाम मागे ठेवून रोज हुंगा. आधी फळ मंदावेल, मग कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येईल, मग व्हिनेगरचा. हवा लागलेली वाइन म्हणजे काय, हे पुढच्या वेळी हॉटेलात ग्लास हाती आल्यावर सांगायला हीच उजळणी कामी येते. व्हिस्कीला इतकी घाई नसते. बाटली उभी ठेवा, बूच घट्ट लावा आणि उन्हापासून दूर. एक तृतीयांशाखाली आली की मात्र लहान बाटलीत काढा.